असा परिवार आहे

निधनवार्तेचा साचा ठरलेला असतो. नाव, हुद्दा, गाव, वय. मग ‘मनमिळाऊ’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘कुटुंबवत्सल’ यांतली दोन तरी विशेषणं. आणि शेवटी ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ वडील गेले त्या दुपारी ही बातमी मीच लिहून दिली. हुद्दा लिहिताना फार काळजी घेतली. सार्वजनिक बांधकाम विभागातील निवृत्त उपअभियंता. एक अक्षर इकडचं तिकडे झालं असतं, तर त्यांनी स्वतः उठून खोडलं असतं असा त्यांचा धाक. गाव करंजा, तालुका उरण. वय ८२. परिवारात आत्या नव्हती.

जाहिरातीचे पैसे शब्दांवर पडतात म्हणून तिला गाळली असं नाही. विसरलो असंही म्हणवत नाही, कारण ती समोरच बसली होती. वडिलांच्या पायाशी, भिंतीला टेकून, कोणीतरी हातात दिलेला चहाचा कप तसाच धरून. मान वर केली असती तर दिसली असती. पण परिवार म्हणजे कोण, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं : सरकारी क्वार्टरमधल्या रेशनकार्डावर असायची तेवढी माणसं. त्या कार्डावर आत्या कधीच नव्हती. ती करंजाला होती.

वडिलांना कुटुंबवत्सल म्हणण्यात खोटं काही नव्हतं. महाड, रोहा, पनवेल, मधली काही वर्षं बीड, जिथे बदली होई तिथे आम्हाला घेऊन जात. रविवारी सकाळी घरातले सगळे बूट रांगेत मांडून पॉलिश करत, आईच्या चपलांनाही ब्रश फिरवत. साइटवर पोचले की आधी वाळूची मूठ घेत, तळहातावर चोळत आणि झटकून टाकत. हाताला माती चिकटून राहिली, तर वाळूचा ट्रक परत. दिवाळीत ठेकेदाराकडून आलेला मिठाईचा पुडा असाच परत जाई. आम्ही मुलं त्या पुड्याकडे बघत राहायचो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत अभिमानाने सांगायचो.

खात्यातल्या लोकांना एमबी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. मोजमाप पुस्तिका. झालेलं काम जागेवर मोजून त्या पुस्तिकेत लिहायचं आणि ठेकेदाराचं बिल त्यावरून निघायचं. म्हणून पानांना क्रमांक असतात, पान फाडायचं नसतं, नोंद शाईने करायची असते. आकडा चुकला तर खोडरबर नाही, वर गिरवणं नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी सही, तारीख. वडील घरखर्चाची वहीसुद्धा अशीच लिहीत. ‘गहू १० किलो’ची रक्कम चुकली, तरी रेघ, सही, तारीख. आई हसायची. ‘ऑडिट कोण करणार आहे हो तुमचं?’ म्हणायची.

१५ सप्टेंबरला अभियंता दिन आला की ते विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगत. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. म्हणजे ‘आमच्याच खात्यातले’, हे वडील दरवर्षी ठासून सांगत. मग दोन मेणबत्त्यांची गोष्ट : सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती, ती विझवून घरच्या पत्राला स्वतःची. खरी असो, रचलेली असो, आमच्या घरात ती पोथीसारखी वाचली जायची. सरकारचं ते सरकारचं, आपलं ते आपलं. तिसऱ्याच कोणाच्या मेणबत्तीवर आपलं घर उजळलं असेल तर ती कुठल्या खात्यात धरायची, हा प्रश्न तेव्हा कोणी काढला नाही. मीही नाही.

करंजा म्हणजे उरणच्या बेटाचं दक्षिणेकडचं टोक. पाठीशी द्रोणागिरी, समोर धरमतरच्या खाडीचं मुख, पलीकडे रेवस. आजोबांचा एका होडीत वाटा होता. आजी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन जाऊन उरणच्या बाजारात बसायची. दोन मुलं : थोरले वडील, धाकटी आत्या. मुलगा हुशार निघाला. मॅट्रिक झाला, आणि मास्तरांनी सांगितलं की याला मुंबईला पाठवा, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करू दे. मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच, उतरायचं भाऊच्या धक्क्याला. फी, खोली, जेवण. आजीने हिशेब केला की एका पाटीत हे बसत नाही, दोन पाट्या निघाल्या तर बसेल. आत्याची शाळा चौथीलाच सुटली होती. तिच्या डोक्यावर पाटी आली.

हे मला कोणी गुपित म्हणून सांगितलेलं नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कौतुकाने सांगितलं जायचं : ‘बायनं भावाला शिकवला.’ आत्याही मान हलवायची. कौतुकाचा एक फायदा असतो, ते केलं की हिशेब मिटल्यासारखा वाटतो.

डिप्लोमा झाल्यावर ते ओव्हरसिअर म्हणून लागले. १९७२च्या दुष्काळात त्यांची नेमणूक बीडकडे झाली. समुद्राकाठच्या माणसाला तो मुलूख पाहून धडकी भरली होती, असं ते म्हणत. रस्त्यांची, तलावांची दुष्काळी कामं निघाली होती. मे १९७३मध्ये राज्यात अशा कामांवरच्या मजुरांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला होता. मजुरी कामाच्या मापावर. बाया उन्हात खडी फोडत, आपापला ढीग रचत, आणि ओव्हरसिअर येऊन तो ब्रासमध्ये मोजत. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. लांबी, रुंदी, उंची. मुकादम टेप जरा सैल धरे, आणि ढिगातला थोडा भाग कोणाच्याच नावावर न चढता मधल्यामध्ये जिरे. वडिलांनी एका म्हातारीचा ढीग पुन्हा मोजायला लावला, मुकादमाने सांगितल्यापेक्षा तो बराच भरला, आणि तो आकडा त्यांनी तिच्या नावावर चढवला. तिने त्यांच्या हातावर सुकडीचा लाडू ठेवला. ही गोष्ट आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकली की तो लाडू आम्हीच खाल्ल्यासारखा वाटतो.

मला ती गोष्ट आजही आवडते. बाईच्या कष्टाचं माप पुरं धरलं पाहिजे, हे त्या माणसाला आतून कळत होतं. त्याच वर्षांत त्याची बहीण करंजाला पहाटे बंदरावर जाऊन मासळी घेत होती, उरणपर्यंत चालत होती, बाजारात ओल्या फडक्यावर मांदेलीचे वाटे लावत होती. मोठी मासळी वर, बारकी खाली. गिऱ्हाईक नाक मुरडू लागलं की एक मूठ वर टाकायची, आणि ती मूठ शेजारच्या वाट्यातून उचलायची नाही, स्वतःच्या घरासाठी बाजूला ठेवलेल्यातून उचलायची. मी हे तिच्या शेजारी बसून पाहिलेलं आहे. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली आणि आजी-आजोबांचं म्हातारपण तिने काढलं. आजोबांचा दमा, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दर उन्हाळ्यात शाकारणी, गावातल्या लग्नांचे आहेर. यातलं काही वडिलांच्या पगारावर आलं नाही. दिवाळीला ते मनीऑर्डर करत. ती तिच्या नावे नसायची, आजोबांच्या नावे असायची.

इथे मला थांबून नीट बघावं लागतं. वडिलांनी कोणाच्या पैशाला हात लावला नाही, हे शंभर टक्के खरं. पण तसं राहणं परवडायला लागतं. ज्या साहेबाच्या डोक्यावर गावाकडची दोन म्हातारी माणसं, त्यांची औषधं आणि पडकं घर असतं, त्याला दिवाळीचा पुडा परत करणं जड जातं. वडिलांच्या डोक्यावर ते ओझं नव्हतं. ते दुसऱ्या एका डोक्यावर होतं, पाटीच्या जोडीला. त्यांच्या प्रामाणिकपणाची बक्षिसं आम्हाला मिळाली : शाळेत मान, सोसायटीत मान, लग्नाच्या बाजारात ‘सरळमार्गी माणसाचा मुलगा’ ही ओळख. त्याचा खर्च कोणी केला, हे माहीत असून मी त्याची बेरीज कधी केली नाही.

१९८४चा जानेवारी उरण-पनवेलमध्ये कोणी विसरलेलं नाही. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. वडील सरकारी नोकर, उघड बोलायची सोय नव्हती, पण घरात दार लावून बोलत. जमीन घ्यायची तर नुसता भाव कसला देता, पुढे तिथे जे उभं राहील त्यात वाटा द्या, असं त्यांचं म्हणणं. आवाज चढायचा. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला माझे वडील फार मोठे वाटले होते.

पुढच्याच वर्षी आजोबा गेले. करंजाचं घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, मागे एक भाताचं खाचर. मृत्युपत्र नव्हतं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने आजी, वडील आणि आत्या, प्रत्येकी एक तृतीयांश. इतकं सरळ गणित. १९८६मध्ये आजी आणि आत्या निबंधकाच्या कचेरीत गेल्या आणि दोघींनी वडिलांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. आजीने अंगठा लावला, आत्याने सही केली, चौथीपर्यंतच्या अक्षरात. जोरजबरदस्ती नव्हती. महाराष्ट्रात असे कागद रोज होतात. बहिणी सही करतात, कारण भावाचं दार उघडं राहावं, भाऊबीज चुकू नये. त्या वर्षीच्या भाऊबिजेला वडिलांनी तिला पैठणी नेली. मासळी विकणाऱ्या बाईला पैठणी, यावर गावात बरीच मस्करी झाली.

मला वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. त्यांना हा वाटा लाटायचा होता असं मला वाटत नाही. ‘ती राहतेच आहे ना तिथे, तिला कोण काढतंय’ असंच त्यांनी धरलं असणार. पण हेच वाक्य सरकारने जमिनीबाबत म्हटलं असतं, तर त्यांचा आवाज चढला असता.

आता माझं. १९८३नंतर राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. मला मार्क कमी पडले आणि १९८८ साली मी त्यांतल्या एकात गेलो. पगारातून ती फी निघण्यासारखी नव्हती. आत्या क्वार्टरवर आली, सुक्या बोंबलांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि तळाशी हात घालून रुमालाची पुरचुंडी काढली. दोन पाटल्या. वडिलांनी त्या घेतल्या, आणि घरखर्चाच्या वहीत लिहिलं : ‘बाय – पाटल्या २, परत करणे.’ मी शेजारी उभा होतो. शेजारच्या ब्लॉकमधला मित्र दारात आला आणि कोण आलंय म्हणाला. मी म्हणालो, ‘गावची आहेत.’

वडील गेल्यावर त्यांच्या वह्या मी चाळल्या. १९८८ची नोंद ८९च्या पहिल्या पानावर पुढे आणलेली आहे, मागील देणे म्हणून. मग ९०च्या. दर वर्षी तेच चार शब्द, तेच टपोरं अक्षर. १९९९मध्ये ते निवृत्त झाले, फंड आणि ग्रॅच्युइटी आली, पनवेलचा फ्लॅट घेतला. २०००च्या वहीत ती ओळ नाही. खोडलेली नाही, रेघ नाही, सही-तारीख नाही. नुसती पुढच्या वहीत आली नाही. ज्या माणसाने गव्हाचा आकडासुद्धा न गिरवता रेघ मारून ठेवला, त्याच्या हातून हे झालं. त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला. अकरा वर्षं ते देणं त्यांनी निदान लिहून तरी ठेवलं होतं. माझ्या वहीत ते एकदाही आलेलं नाही, आणि शिकलो तर मी.

रेवस-करंजा पूल होणार, हे आम्ही मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकत आलो. वडील म्हणत, माझ्या नोकरीत त्याची इस्टिमेटं पिवळी पडली. आता त्या कामाला हात लागला आहे. शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू आणि उरणची लोकल, दोन्हींचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ला एकाच दिवशी झालं. ते पाहायचं वडिलांचं थोडक्यात राहिलं. हे सगळं झालं आणि करंजाच्या घराला नि खाचराला गिऱ्हाईकं यायला लागली. जागा नावावर करून घ्या, असं धाकट्या भावाने सुचवलं, आणि ते बरोबरच होतं. वारस चौघं : आई, आम्ही दोघं भाऊ आणि ताई. वकिलाकडून मसुदा आला. त्यात ताईचं हक्कसोडपत्र होतं. तिला काय कमी आहे, ठाण्याला दोघं कमावतात, हे भाऊ म्हणाला आणि मी हं म्हणालो. एवढंच नाही, मसुद्यात तिच्या नावातला एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता, तो मी पेन्सिलीने दुरुस्त केला.

ताईला कागद पाठवला तेव्हा तिचा फोन आला. ‘मला विचारून टाइप केलंत का?’ एवढंच म्हणाली. मग जरा वेळाने, ‘आणि आत्याचं काय ठरवलंय? घर विकलं तर ती कुठे जाणार?’

मी स्वतःला प्रामाणिक माणूस समजत आलो आहे. लाच दिलेली नाही, कर चुकवलेला नाही. ताईच्या फोननंतर जे लक्षात आलं ते असं, की माझा प्रामाणिकपणा परक्यांपुरता आहे. घरातल्या बायकांपाशी आला की तो सैल होतो, मुकादमाच्या टेपसारखा. आणि हे वडिलांकडून आलं असं म्हणून मला सुटता येत नाही, कारण १९८६ला त्यांच्यासमोर १९९४ची राज्याची दुरुस्ती नव्हती, २००५चा कायदा नव्हता, मुलीच्या हक्काबद्दल पेपरात रोज काही छापून येत नव्हतं. माझ्यासमोर हे सगळं होतं.

आत्याला अर्धं घर द्यावं असं मनात आलं, तेव्हा त्याचीही जरा उलटतपासणी केली. भाव वाढले नसते, गिऱ्हाईक आलं नसतं, ताई बोलली नसती, तर आलं असतं का? नसतं आलं. शिवाय देऊन मोकळं व्हायची घाई त्यात आहे, म्हणजे पुन्हा पैठणीच. ऐंशी वर्षांच्या बाईला अर्ध्या घराचा कागद देऊन मी नेमकं काय देतो आहे? तिच्यामागे ते आमच्याकडेच येईल असंच मी धरून चाललो आहे. तरीही द्यायला हवं असं वाटतं. चौकशी केली. नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. वडिलांच्या बहिणीला भाच्याने दिलं तर ती त्या यादीत बसत नाही, पुरं शुल्क भरावं लागतं. सरकारचीही परिवाराची यादी माझ्यासारखीच आहे. भरू.

एप्रिलअखेरीला करंजाला गेलो. आत्या मागच्या अंगणात वलांडीवर सुकत घातलेले बोंबील उतरवत होती. आता विकत नाही, शेजारच्यांचे सांभाळते, चार स्वतःला ठेवते. मी तिला सगळं सांगितलं : आजोबांच्या माघारी तिचा तिसरा हिस्सा, आजीनंतर निम्मं, ती सही, पाटल्या, वहीतली ओळ. मधे न बोलता तिने ऐकून घेतलं.

‘तवा दादूस म्हनला सही कर, म्या केली. आता तू म्हनतंस घे.’

‘मग काय करू?’

‘मना काय इचारतंस? तुमी शिकलेली मानसं.’ बोंबलांची जुडी बांधून होईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, ‘त्या पाटल्या माझ्या सासूच्या व्हत्या. त्या पायजेत.’

हे मी धरलं नव्हतं. घराचं मी बोलत होतो, तिला पाटल्या हव्या होत्या. १९८८लाच त्या सोनाराकडे गेल्या, वितळून काय झालं असेल कोणास ठाऊक, असं मी सांगितलं. ‘म नव्या कर,’ ती म्हणाली. ‘तेवड्याच वजनाच्या. चार तोळं व्हत्या. नि पाटचं पत्रं सडलंन, पावसाच्या आदी बदल.’

टेप बरोबर नव्हता, तिच्याकडच्या नायलॉनच्या दोरीने पडवीचं माप घेतलं. पत्रे उरणच्या दुकानात सांगून आलो. चार तोळ्यांचा आजचा भाव काढला, तो ऐकून बायको जरा गप्प झाली आणि मग म्हणाली की तिची एक एफडी जूनमध्ये सुटते आहे. मी म्हटलं, ती नको, माझ्या पगारातून करू. घराच्या कागदाचं भावाशी बोलायचं आहे. तो रविवारी येतोय, ताईलाही बोलावलं आहे, आणि या वेळी बसायचं ते करंजालाच.